घरीं जुळविलेल्या विद्युत्-यंत्रांचें ओलीपासून रक्षण

शेताच्या बांधावर विजेचीं लहानसहान उपकरणें दिसूं लागलीं, ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. जमिनींत ओल किती आहे हें सांगणारा सेन्सर, टाकींतील पाण्याची पातळी घरीं कळविणारी पेटी, द्राक्षबागेंत पानें किती वेळ ओलीं राहिलीं याची नोंद ठेवणारें यंत्र, असलीं साधनें विकत घेण्यापेक्षां स्वतः जुळवावीं अशी हौस गांवोगांवच्या तरुण मंडळींत उत्पन्न झाली आहे. इटलींतील इव्रिया गांवीं २००५ सालीं ‘आर्डुइनो’ नांवाची स्वस्त सर्किटपट्टी निघाली, आणि २०१६ सालीं चीनमधील एका कंपनीची ‘ईएसपी-३२’ ही बिनतारी संदेश पाठविणारी चिप बाजारांत आली. तेव्हांपासून शाळेंत शिकणारा मुलगाहि सुटीच्या दिवसांत असें यंत्र उभें करूं शकतो.

घरांतील मेजावर हें यंत्र उत्तम चालतें. शेतांत नेऊन खांबास बांधलें, कीं पहिला पावसाळा सरण्यापूर्वींच तें बहुधा दगा देतें व मग अडगळींत जाऊन पडतें. ओल कोणत्या वाटेनें येते आणि येऊन काय करते, याचा विचार जुळविणारानें केलेला नसतो. तो विचार या लेखांत करावयाचा असून, शेतकऱ्याच्या घरीं असलेल्या किंवा तालुक्याच्या गांवीं मिळणाऱ्या साहित्यानें हें रक्षण थोडक्या खर्चांत कसें साधतें, हें सांगावयाचें आहे.

आरंभींच एक मर्यादा घालून घेतों. पुढील सर्व विवेचन १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबावर चालणाऱ्या यंत्रांपुरतें आहे. घरगुती २३० व्होल्टची वीज किंवा पंपाची तीन फेजची वीज ज्या पेटींत येते, तेथें सिलिकोन, वॉर्निश किंवा चिकटपट्टी यांचे घरगुती प्रयोग मुळींच करूं नयेत. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या दाबाचा धक्का प्राणघातक ठरतो. तें काम परवानाधारक वायरमनचें आहे. आणि घरगुती विजेच्या अशा जोडणीवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीस तुटणारा संरक्षक स्विच असावा.

एक अनुभव

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं मिरचीच्या रोपवाटिकेंत ओल मोजणारें एक यंत्र बसविलें होतें. जमिनींत रोंवलेल्या दोन सळयांमधून किती विद्युत्प्रवाह जातो त्यावरून तें ओलीचा अंदाज करी. माती ओली असली कीं प्रवाह अधिक, सुकली कीं कमी. सर्किट एका प्लॅस्टिकच्या पेटींत ठेवून, पेटीचें प्रत्येक भोंक व प्रत्येक फट आम्हीं सिलिकोननें बुजवून टाकली होती, आणि आतां मुंगीलाहि वाट नाहीं या समाधानांत आम्ही होतों.

पावसाळा निर्विघ्न गेला. आश्विनांत ऊन तापूं लागलें, तेव्हां तीन दिवस परगांवीं जाण्याचा प्रसंग आला. यंत्राचा संदेश रोज येत होता कीं ओल पुरेशी आहे. म्हणून पाणी देण्याचा निरोप आम्हीं कोणास दिला नाहीं. परत येऊन पाहतों तों वाफे भेगाळलेले व निम्म्याहून अधिक रोपें मान टाकून पडलेलीं. पेटी उघडली, तेव्हां झांकणाच्या आंतल्या बाजूस दंव धरलेलें होतें, आणि ज्या दोन टोकांस सळयांच्या तारा जोडल्या होत्या त्यांच्यामध्यें हिरवट गंजाचा ओला पूल तयार झाला होता. ओल्या मातींतून जावयाचा प्रवाह त्या पुलावरून जात होता, आणि यंत्र बिचारें प्रामाणिकपणें ‘ओल आहे’ म्हणून सांगत होतें. ओल खरोखरच होती, परंतु ती पेटींत होती.

त्या दिवशीं ही गोष्ट मनांत पक्की झाली कीं, ओलीनें यंत्र बंद पडलें तर नुकसान यंत्राच्या किमतीएवढेंच होतें. ओलीनें तें खोटें बोलूं लागलें तर नुकसान पिकाचें होतें. नोंद नसण्यापेक्षां खोटी नोंद अधिक घातक, हा दप्तराचा नियम येथेंहि लागू पडतो.

पाणी आंत येतें कसें

पावसाच्या सरी थेट आंत शिरतात ही वाट सर्वांस ठाऊक आहे, व तिचाच बंदोबस्त लोक करतात. खरें नुकसान पुढील तीन वाटांनीं होतें.

पहिली वाट ओढीची. पेटींतील हवा दुपारच्या उन्हांत तापून फुगते, व थोडी फटींतून बाहेर निघून जाते. मग एकाएकीं वळवाची सर आली, कीं पेटी थंड होऊन आंतील हवा आकसते. ५५ अंश सेल्सिअसवरून ती २५ अंशांवर आली, तर बंद पेटींत तिचा दाब सुमारें ९ टक्क्यांनीं उतरतो. हा आंकडा लहान दिसतो. परंतु पाण्याच्या उंचींत मोजल्यास ही ओढ जवळजवळ ३ फूट पाण्याच्या स्तंभाएवढी भरते. नेमक्या त्याच वेळीं झांकणाच्या कडेवर पावसाचें पाणी सांचलेलें असतें. रबरी पट्टींत केसाएवढी फट असली तरी तें आंत ओढलें जातें. पेटी पुनः तापली म्हणजे हवा बाहेर जाते. पाणी मात्र तळाशीं राहतें.

दुसरी वाट वाफेची. ३० अंशांवरील पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्यें सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असतें. तीच हवा २० अंशांवर आली कीं तिच्यांत सुमारें १७ ग्रॅमच राहूं शकतें. उरलेलें १३ ग्रॅम दंव होऊन बाहेर पडतें. एक लिटर मापाच्या पेटीस हा हिशेब लावला तर १३ मिलिग्रॅम येतात, म्हणजे एका थेंबाच्या चतुर्थांशाएवढें पाणी. परंतु तें थेंबाच्या रूपानें कोपऱ्यांत न बसतां पातळ पापुद्र्यासारखें सर्वत्र पसरतें, आणि सर्किटाच्या टोंकांमध्यें तर एक-दोन मिलीमीटरचेंच अंतर असतें. आमची पेटी पावसाळ्याच्या दमट हवेंत बंद केलेली होती. ओलें धान्य कणगींत भरून वरून शेणमातीनें लिंपावें तसा तो प्रकार झाला. बाहेरची ओल आंत आली नाहीं, पण आंतली बाहेर जाण्याची सोयहि आम्हीं ठेविली नाहीं.

तिसरी वाट वातीची. विजेची लवचिक तार अनेक बारीक तंतूंची असते, व वरून प्लॅस्टिकचें वेष्टण असतें. त्या तंतूंमधील पोकळींतून, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें, पाणी चढतें. केबलचें एक टोक ओल्या मातींत उघडें राहिलें, तर हळूहळू तें पाणी दुसऱ्या टोकाशीं, पेटीच्या ऐन मध्यभागीं येऊन पोहोंचतें. पेटी कितीहि चांगली असली तरी या चोरवाटेपुढें तिचें कांहीं चालत नाहीं.

आंत येऊन पाणी काय करतें

शुद्ध पाणी विजेचें फारसें वहन करीत नाहीं. परंतु सर्किटावर धूळ, हाताचा घाम व सोल्डर करतांना राहिलेला राळेचा चिकटा असतो. त्यांतील क्षार पाण्यांत विरघळले कीं पाणी वाहक बनतें. मग धन टोंकाचें तांबें झिजूं लागतें व त्याचे कण ऋण टोंकाकडे जाऊन साठतात. ही क्रिया प्रवाह चालू असतांनाच वेगानें होते. म्हणून भिजलेलें पण बंद असलेलें यंत्र बहुधा वांचतें, आणि थोडेंसेंच ओलावलेलें पण चालू असलेलें यंत्र कांहीं दिवसांत खलास होतें.

कौलाचा न्याय आणि घागरीचा न्याय

ओलीपासून रक्षण करण्याच्या मुळांत दोनच रीती आहेत. कौलारू घराचें छप्पर हवाबंद नसतें. कौलांकौलांमध्यें फटी असतात, तरी आंत पाणी येत नाहीं, कारण उतार व एकावर एक चढलेल्या कडा पाण्याला खालींच नेतात. शिवाय घरांतील दमट हवा त्याच फटींतून निघून जाते. ही पहिली रीत. दुसरी रीत घागरीची. घागरीला कोठेंहि भेग नसते, म्हणून आंतलें पाणी बाहेर येत नाहीं व बाहेरचें आंत जात नाहीं. परंतु केसाएवढी चीर पडली कीं ती निरुपयोगी होते.

आमचें मत असें कीं, पाण्यांत बुडवावयाच्या भागास घागरीचा न्याय लावावा, व पाण्याबाहेर राहणाऱ्या पेटीस कौलाचा. पेटीला घागर करूं जाणें हीच बहुतेकांची चूक होते, व आमचीहि तीच झाली होती.

पेटी

सर्वांत स्वस्त व खात्रीची पेटी शेतकऱ्याच्या घरींच पडलेली असते. ९० मिलीमीटर व्यासाची पी.व्ही.सी. नळी हातभर लांबीची कापून घ्यावी. तिच्या एका टोकास टोपी बसवून नेहमींच्या सोल्यूशननें पक्की करावी. सोल्यूशनचा वास पूर्ण जाईपर्यंत एक-दोन दिवस थांबावें. मग सर्किट एका पट्टीवर बांधून नळीच्या वरच्या अर्ध्या भागांत राहील असें टांगावें, व नळी टोपीची बाजू वर करून खांबास उभी बांधावी. खालचें तोंड हवाबंद करूं नये. तेथें बारीक जाळी बांधावी, व सर्व तारा त्याच तोंडांतून खालून आंत न्याव्यात. उपडा तांब्या पाण्यांत दाबला तरी आंत हवा कोंडून राहते व पाणी वर चढत नाहीं, हा खेळ प्रत्येकानें लहानपणीं केलेला आहे. नळीचें तत्त्व तेंच. शेतांत हात-दीड हात पाणी तुंबलें व नळीचें तोंड बुडालें, तरी वरच्या भागांतील सर्किट कोरडें राहतें. मात्र हा उपाय विहिरींत खोल सोडण्यास चालणार नाहीं. १० मीटर खोलीवर पाण्याच्या दाबानें आंतील हवा निम्म्या जागेंत आकसते, व पाणी नळीच्या मध्यापर्यंत चढतें.

जाळी लावण्याचा आळस करूं नये. उबदार कोरडी जागा मुंग्यांस, पालींस व मातीचें घर करणाऱ्या कुंभारणीसहि आवडते. केबलवर नळीच्या खालीं ग्रीसचें बोटभर कडें फासलें म्हणजे मुंग्या चढत नाहींत.

चौकोनी पेटीच हवी असेल, तर विजेच्या दुकानांत मिळणारी जोडपेटी घ्यावी, व तिच्यावर ‘आय.पी.’ ही अक्षरें व पुढें दोन अंक आहेत कीं नाहीं तें पाहावें. यांतील पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. आय.पी. ६५ म्हणजे धूळ मुळींच शिरणार नाहीं व पाण्याचा फवारा सोसेल, आय.पी. ६७ म्हणजे १ मीटर पाण्यांत अर्धा तास बुडालेली राहिली तरी चालेल. हे अंक नव्या व अभंग पेटीचे असतात. आपण बाजूस एक भोंक पाडलें, कीं त्यांचा अर्थ संपला. म्हणून तार नेण्यासाठीं केबल ग्लँड नांवाची रबरी कडें असलेली चूड वापरावी. एका ग्लँडमधून एकच गोल केबल न्यावी. दोन-तीन चपट्या तारा एकत्र घुसविल्यास त्यांच्या मधल्या फटी उघड्या राहतात.

खाऊच्या डब्याची पेटी करण्याचाहि प्रघात आहे. रबरी कडें व चार बाजूंस खटके असलेला डबा पहिल्या वर्षीं चांगलें काम देतो. परंतु उन्हानें तें प्लॅस्टिक ठिसूळ होऊन खटके तुटतात. असा डबा सांवलींतच ठेवावा व दर वर्षीं बदलावा. लोखंडी डबा संदेश पाठविणाऱ्या यंत्रास चालत नाहीं, कारण धातूंतून बिनतारी लहरी बाहेर पडत नाहींत.

पेटी कोणतीहि असो, पुढील चार गोष्टी कराव्यात; त्यांस जवळजवळ खर्चच नाहीं. (१) सर्व भोकें तळाच्या बाजूस ठेवावींत. (२) प्रत्येक तार पेटींत शिरण्यापूर्वीं थोडी खालीं लोंबवून मग वर वळवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी वळणाच्या तळाशीं पागोळीसारखें गळून पडतें. (३) चौकोनी पेटीच्या तळास, सर्वांत खोल ठिकाणीं, दोन-तीन मिलीमीटरचें एक भोंक मुद्दाम ठेवून त्यावर जाळी लावावी. त्यायोगें दाबाची ओढ मोडते व दंवाचें पाणी निघून जातें. (४) पेटीस पांढरा रंग द्यावा व वर पत्र्याचें किंवा फरशीचें छपर करावें. तापणें कमी झालें म्हणजे फुगणें-आकसणेंहि कमी होतें.

खालून फवारा उडतो अशा ठिकाणीं उघडें भोंक सोईचें नसतें. तेथें टेफ्लॉनच्या सच्छिद्र पटलाचें बूच मिळतें तें लावावें. त्यांतून हवा व वाफ जाते, पाणी जात नाहीं. अमेरिकेंत १९६९ सालीं रॉबर्ट गोर यांनीं टेफ्लॉन ताणून हें पटल तयार केलें. पावसाळी कोटांतहि तेंच वापरतात.

ओल शोषणारी पुडी

औषधांच्या डब्यांतून सिलिका जेलच्या पुड्या येतात. या खड्यांत, हवा फार दमट असेल तर, स्वतःच्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढें पाणी सामावतें. पण तळाशीं भोंक असलेल्या पेटींत पुडी घालणें व्यर्थ आहे, कारण ती साऱ्या शिवाराची हवा कोरडी करूं शकत नाहीं. पुडी फक्त पूर्ण बंद पेटींत घालावी, आणि पेटी कोरड्या हवेच्या दिवशीं, भर दुपारीं बंद करावी. रंग बदलणारे खडे मिळतात. ते ओलावले कीं रंगावरून समजतें. निळ्या खड्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून नारिंगी घ्यावेत. ओलावलेले खडे ११० ते १२० अंशांवर दोन तास तापविले कीं पुनः कामास येतात. स्वयंपाकाच्या भांड्यांत हें करूं नये.

सर्किटास लेप

पेटी ही पहिली भिंत. दुसरी भिंत सर्किटाच्या अंगावरच असावी. आमच्या यंत्रास ही दुसरी भिंत असती, तर आंतल्या दंवानें तें खोटें बोललें नसतें.

लेप देण्यापूर्वीं सर्किट जुन्या दात घासण्याच्या ब्रशानें आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून स्वच्छ करावें, राळेचा चिकटा काढावा, आणि एक दिवस कोरड्या ऊबदार जागीं ठेवावें. मळावर दिलेला लेप मळासकट ओल कोंडतो. याच कामासाठीं केलेलें ॲक्रिलिक लेपाचें फवाऱ्याचें डबडें मिळाल्यास उत्तम. तें न मिळाल्यास मोटार-वायंडिंग करणाऱ्या कारागिराकडून हवेवर सुकणारें इन्सुलेटिंग वॉर्निश थोडें मागून घ्यावें. भट्टींत तापवावें लागतें तें वॉर्निश येथें उपयोगाचें नाहीं. अगदींच कांहीं नसेल, तर बायका नखांस लावतात तें बिनरंगी पॉलिशहि चालतें. मात्र चमकीचें घेऊं नये, कारण चमकींत धातूचे कण असूं शकतात. हें पॉलिश कालांतरानें तडकतें, म्हणून तें वर्ष-दोन वर्षांचा उपाय समजावें. हे सर्व पदार्थ ओले असतांना पेट घेतात. विडी, चूल व दिवा दूर ठेवून मोकळ्या हवेंत काम करावें.

एका जाड थरापेक्षां दोन पातळ थर बरे. पहिला सुकल्यावर दुसरा आडव्या हातानें द्यावा. लेप कोठें देऊं नये हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. जोडणीचीं टोकें, बटनें, कार्डाची खांच, आणि हवेशीं संबंध ठेवणारे सेन्सर यांवर आधीं कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. जोडणीच्या टोंकांस सिलिकोन ग्रीस लावलें म्हणजे पुरे.

मेण ओतणें आणि गरम गोंदाच्या कांडीनें सांधे भरणें या दोन रीती फार आढळतात. मेण उन्हांत मऊ होऊन ओघळतें व थंडींत आकसून तडकतें. गरम गोंद प्लॅस्टिकला वरवर धरतो. उन्हानें सैल पडला कीं त्याच्या मागें पाणी शिरतें व वरून मात्र सांधा शाबूत दिसतो. तार हलूं नये म्हणून गोंद वापरावा, पाणी अडविण्यासाठीं वापरूं नये.

बुडणारे भाग व सांधे

जमिनींत पुरावयाचा किंवा पाण्यांत सोडावयाचा भाग घागरीच्या न्यायानें करावा. दोन भागांचें इपॉक्सी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणांत तंतोतंत मोजून कालवावें. अंदाजानें घेतल्यास तें कायमचें चिकट राहतें. एकाच वेळीं मोठा गोळा ओतल्यास तें घट्ट होतांना बरेंच तापतें, म्हणून थराथरानें ओतावें. एकदां इपॉक्सींत गाडलेलें सर्किट दुरुस्त करतां येत नाहीं. यास्तव आधीं आठ दिवस चालवून खात्री करून घ्यावी.

वातीची वाट येथेंच बंद होते. इपॉक्सींत जो तारेचा भाग गाडला जाणार, तेथें अर्धा इंच वेष्टण सोलून तंतूंमध्यें सोल्डर पूर्ण मुरवावें. मधली पोकळी भरल्यामुळें त्यापुढें पाणी चढत नाहीं.

सिलिकोनची नळी घेतांना तिच्यावर ‘न्यूट्रल’ असें लिहिलेलें पाहावें. साध्या सिलिकोनला सुकतांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तें ॲसेटिक आम्ल असून तांब्याला खातें. खिडकीच्या कांचेला तें चालतें, सर्किटाजवळ चालत नाहीं. सिलिकोन हवेंतील ओलाव्यानें बाहेरून आंत घट्ट होतें, व एका दिवसांत दोन-तीन मिलीमीटरच आंत जातें. म्हणून जाड गोळा भरून दुसऱ्या दिवशीं यंत्र शेतांत नेऊं नये.

तारांचा सांधा मातींत टाळतां आला तर टाळावा. करावाच लागला, तर आंतून गोंद असलेली, उष्णतेनें आकसणारी नळी वापरावी. किंवा बोअरच्या पाणबुडी मोटारीच्या केबलचा सांधा कारागीर ज्या रबरी पट्टीनें करतो, ती ताणून अर्ध्या अर्ध्या पन्ह्यानें चढवीत गुंडाळावी. ही पट्टी स्वतःलाच चिकटून एकजीव होते. नेहमींची काळी चिकटपट्टी उन्हांत निसटते. रबरी पट्टीवर संरक्षणासाठीं तिचा एक थर द्यावा, यापेक्षां तिच्यावर विश्वास टाकूं नये.

सेन्सरांविषयीं कांहीं सूचना

दोन सळयांच्या सेन्सरमधून अखंड प्रवाह सोडल्यास धन सळई थोड्याच दिवसांत खाल्ली जाते. तासांतून एकदां क्षणभर प्रवाह देऊन मोजणी करावी. सळई कितीतरी पट अधिक टिकते, व बॅटरीहि वांचते. ‘कपॅसिटिव्ह’ म्हणून मिळणारा चपटा सेन्सर या दोषापासून मुक्त आहे. परंतु त्याच्या कापलेल्या कडांतून पाणी पट्टींत मुरतें, व माथ्यावरील चिपा उघड्या असतात. कडांस इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, माथा आकसणाऱ्या नळींत घालून इपॉक्सीनें भरावा, आणि मगच कोरड्या व ओल्या मातींतील आंकडे नव्यानें ठरवावेत, कारण लेपानें ते थोडे बदलतात.

हवेंतील दमटपणा मोजणारा सेन्सर झांकला तर आंधळा होतो. त्यास लेप न देतां, कुंडीखालच्या पांढऱ्या बशा उपड्या करून, मध्यें बोटभर अंतर ठेवून एकावर एक रचाव्यात व त्यांच्या आंत तो टांगावा. हवामान-केंद्रावर झडपांची जी पांढरी पेटी दिसते, तिचेंच हें गरिबाचें रूप होय. ती पेटी १९ व्या शतकांत थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानें योजिली.

बॅटरीच्या बाबतींत एक ताकीद अवश्य आहे. लिथियमची बॅटरी इपॉक्सींत कधींहि गाडूं नये व उन्हांत तापूं देऊं नये. शिशाच्या बॅटरींतून भरतेवेळीं हायड्रोजन वायु निघूं शकतो. ती हवाबंद पेटींत ठेविल्यास स्फोटाचें भय असतें.

शेतांत नेण्यापूर्वीं परीक्षा

बंद म्हणून केलेल्या पेटीची परीक्षा सर्किट आंत न ठेवतां करावी. टीपकागदावर शाईच्या पेनानें चार रेघा ओढून तो कागद आंत ठेवावा व पेटी बंद करून एक तास कडक उन्हांत तापूं द्यावी. मग ती तशीच थंड पाण्याच्या बादलींत अर्धा तास दाबून धरावी. वळवाच्या सरीची ओढ या रीतीनें घरींच उत्पन्न होते. बाहेरून पेटी पुसून कागद काढावा. रेघा फुटल्या असतील तर फट आहे असें समजावें. उन्हांत न तापवितां केलेली परीक्षा फसवी असते.

इतकें करूनहि यंत्र भिजलें, तर प्रथम बॅटरी सोडवावी. तें चालतें कीं नाहीं हें पाहण्याचा मोह आवरावा. चिखल गेला असेल तर सर्किट डिस्टिल्ड पाण्यानें धुवावें, मग अल्कोहोल लावून पाणी उडवावें, आणि दोन दिवस वाऱ्यावर सुकवावें. तांदळांत पुरून ठेवण्याची रीत बरीच पसरली आहे. पण तिनें क्षार निघत नाहींत, उलट तांदळाचा कोंडा खांचांत बसतो.

पैसा थोडा असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवावा. जागा, उतार, तारेचें वळण व पांढरा रंग यांस खर्च नाहीं, तीं प्रथम. त्यानंतर लेप, कारण तो सर्वांत थोड्या पैशांत सर्वांत अधिक रक्षण करतो. मग बुडणाऱ्या भागांचे सांधे, आणि शेवटीं चांगली पेटी. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरून पेटीवरच सारा पैसा घालतात.

मृगापूर्वीं एकदां व दसऱ्यानंतर एकदां प्रत्येक पेटी उघडून पाहावी. हिरवट डाग, दंव, मुंग्यांची माती किंवा सैल तार यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच दिवशीं दुरुस्ती करावी. आणि यंत्र कितीहि चांगलें चाललें तरी आठवड्यांतून एकदां वाफ्यांतील मूठभर माती हातांत दाबून तिची व यंत्राच्या आंकड्याची गांठ घालून पाहावी. दोहोंचा मेळ बसला नाहीं तर मातीचें ऐकावें व पेटी उघडावी. आम्हीं त्या आश्विनांत एवढें केलें असतें, तर रोपें वांचलीं असतीं.